तुमची खोली गळत नाही

आमच्या घरमालकांनी मला पहिल्याच भेटीत विचारलं, "बाई, तुमचं वजन किती हाय?"

मी तेव्हा बावीस वर्षांची होते. नेवाशाजवळच्या एका गावात मुलींच्या शाळेवर माझी नेमणूक झाली होती आणि आईला बरोबर घेऊन मी नुकतीच बैलगाडीतून उतरले होते. पुरुषमाणूस नसलेल्या दोन बायकांना खोली द्यायला गावात कुणी राजी नव्हतं. हे एकटे राजी झाले, आणि वर हा प्रश्न. मी फणकाऱ्यानं म्हटलं, "माझ्या वजनाशी तुम्हाला काय करायचंय?"

"माळवदावर पापड वाळत घालाया चढनार का न्हाई तुमी? मंग घरमालकानं इचारू नगं?" त्यांनी मला एकदा आणि आईला एकदा न्याहाळलं, घोडेगावच्या बाजारात बैल पारखावा तसं. मग निकाल दिला. "तुमी चढा. आईंनी न्हाई चढायचं."

आई त्या घरात साडेचार वर्षं राहिली, पण हा अपमान ती विसरली नाही.

गाव त्यांना चाचा म्हणायचं, म्हणून आम्हीही चाचाच म्हणू लागलो. साठीचे, काटकुळे, पांढरी दाढी आणि गुडघे पार कामातून गेलेले. जन्मभर गवंडीकाम केलेलं. जमिनीवरून चालताना कण्हायचे, पण शिडीला हात लागला की कण्हणं बंद. त्यांच्या बायकोला आम्ही चाची म्हणत असू. चाची म्हणायच्या, "ह्यांचं दुखनं खालीच ऱ्हातं. शिडी चढत न्हाई."

मी पुण्याची, कौलांखाली वाढलेली. माळवद म्हणजे काय ते मला चाचांनीच शिकवलं. खाली तुळया, तुळयांवर आडव्या बारीक फळ्या, त्यावर कडुलिंबाचा पाला, त्यावर चिखल आणि सगळ्यात वर पांढरी माती. ही माती शेतातली चालत नाही. काळी माती टाकली तर उन्हात तिला भेगा पडतात आणि पावसात घरात तळं होतं. माती हवी ती गावाच्या जुन्या पांढरीतली, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडातली, जिभेला खारट लागणारी. ती भिजली की घट्ट बसते आणि पाणी आत जाऊ देत नाही. दर साली जेठात तिचा एक हात माळवदावर द्यावा लागतो. चाचा ही माती चाखून घ्यायचे. गाढवांवरून माती आली की चिमूटभर जिभेवर ठेवायची, डोळे मिटायचे आणि मग "हां" म्हणायचं, नाहीतर "परत न्या". गाढववाला कुरकुरला तर त्यालाही चाखायला लावायचे. एकदा मलाही लावली. शाळेत जायच्या घाईत मी त्या अंगणात उभी राहून माती खाल्ली आहे आणि "खारट आहे" असं सांगितलंही आहे.

कुणाच्याही घरात शिरले की चाचांची नजर आधी वर जायची. लग्न असो नाहीतर मयत. पाटलांच्या सोप्यात मुलीचं लग्न लागत होतं. मंगलाष्टकं चालू, सगळे अक्षता टाकतायत आणि चाचा नवरीच्या डोक्यावरच्या तुळईकडे टक लावून बघतायत. शेवटी राहवेना म्हणून पाटलांच्या कानाशी लागून म्हणाले, "पोरीला हातभर बाजूला घ्या. तुळईला वाळवी हाय." पाटील वर्षभर त्यांच्याशी बोलले नाहीत. पुढच्या पावसाळ्यात तीच तुळई बसली. नशिबानं खाली फक्त जातं होतं. पाटलांनी चाचांना सन्मानानं बोलावून नेलं, तर चाचा तुळई बदलून तर आलेच, वर पन्हळीचा उतार चुकलाय असा दुसरा दोष काढून आले.

माळवदाचे वैरी तीन, असं ते सांगायचे. मुंगळे, गवत आणि जावई. मुंगळे भोकं पाडतात, गवत मुळं सोडतं, हे मला कळलं. जावई का? "बूट घालून चढतो," चाचा म्हणाले, "आनि त्याला बोलायची चोरी." गवत ते बोटभर व्हायच्या आत काढायचे. मुंगळ्यांना मात्र मारायचे नाहीत. माळवदाच्या कडेपासून भिंतीवरून खाली, थेट अंगणातल्या लिंबापर्यंत पिठाची बारीक रेघ ओढायचे आणि मुंगळे तिकडे वळेपर्यंत खाली उकिडवे बसून राहायचे. दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. ज्वारी मिळायची मारामार. चाची पिठाचा डबा पदराखाली धरून फिरायच्या.

आमची खोली पहिल्याच श्रावणात गळायला लागली. मी बादली लावली आणि चाचांना हाक मारून, मास्तरीणच ती, छडीनं वर दाखवलं, "इथे भोक आहे."

त्यांनी छडी माझ्या हातातून काढून घेतली. "पानी जितं पडतंय तितं भोक नसतंय, बाई. पानी तुळईवरनं चालत येतं. लई लांबनं येतं." मग स्टुलावर चढून ते तुळई हातानं चाचपत गेले, थेट पलीकडच्या भिंतीपर्यंत. भोक तिथं होतं. बादलीपासून पाच हात लांब.

ओल्या माळवदावर पाऊल ठेवायचं नाही हा त्यांचा नियम. पाऊल रुततं आणि एक भोक बुजवताना दहा नवी होतात. म्हणून ते दाराची एक जुनी फळी वर न्यायचे आणि तिच्यावर पालथे पडून, डोक्यावर गोणपाटाची खोळ घेऊन, इंच इंच पुढे सरकत भोक बुजवायचे. भर पावसात माळवदावर पालथा पडलेला म्हातारा हे दृश्य गावाच्या अंगवळणी पडलेलं होतं. वाटेनं जाणारे विचारायचे, "चाचा, हायसा न्हवं?" चाचा वरूनच म्हणायचे, "हाय."

त्या घरात चार खोल्या होत्या. एकीत चाचा-चाची, एकीत आम्ही, एक चाचींच्या स्वयंपाकाची (आमची चूल आमच्याच खोलीत) आणि चौथी बंद. ती मुलाची. मुलगा एकुलता एक, मनमाडला रेल्वेत होता. मी आले त्याच्या दोन वर्षं आधी तो ईदला घरी आला तो गाडीत सहा पत्रे घालून. पगारातून साठवून घेतलेले. अब्बा म्हातारे झाले, दर साली माती वाहायची, पालथं पडायचं, ही पीडा एकदाची जावी म्हणून. त्याच्या मनात दुसरं काही नव्हतं. चाचांनी पत्रे वाजवून पाहिले, "चांगले हायत," म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी ते शेळ्यांच्या गोठ्यावर घातले.

मुलानं विचारलं, "घरावर का न्हाई?"

"पत्र्याखाली मानूस भाजतो."

"मंग शेळ्या भाजत न्हाईत का?"

"शेळ्या दिवसभर रानात असत्यात."

यावरून शब्दाला शब्द लागला. मुलगा म्हणाला, माझ्या कमाईची किंमत शेळ्यांएवढी. चाचा म्हणाले, माझ्या जन्माच्या कामाला तू पीडा म्हनतोस. दोघांचंही खरं होतं, त्यामुळे कुणालाच माघार घेता येईना. मुलगा ताटावरून उठला. "घरावर पत्रे चढतील तवाच हा उंबरा वलांडीन," असं बोलून गेला, तो आलाच नाही. हे सगळं मला चाचींनी सांगितलं. चाचा या विषयावर अवाक्षर काढत नसत. त्या बंद खोलीच्या माळवदावर मात्र त्यांचा रोज एक फेरा असायचा.

आणि दर महिन्याला ते पोस्टकार्ड घेऊन माझ्याकडे यायचे. त्यांना लिहिता येत नव्हतं. उंबऱ्यावर बसायचे, गुडघे चोळायचे आणि म्हणायचे, "लिवा. पन्हळ साफ केली. पूर्वेच्या अंगाला मुंगळे झाल्ते, वळवले. तुज्या खोलीवर दोन पाट्या माती टाकली. तुजी खोली गळत न्हाई."

मी लिहून थांबायची. "पुढे?"

"फुडं काय? झालं."

"अहो चाचा, बाप आहात तुम्ही. कसा आहेस, जेवतोस का वेळेवर, आईला आठवण येते, असलं काही?"

"ते नगं. इचारलं की तो म्हनंल बाप नरमला. माळवदाचंच लिवा."

सुरुवातीला मला त्यांचा राग यायचा. कोऱ्या राहिलेल्या अर्ध्या कार्डाकडे बघून तर फारच यायचा. पण पंधरा-वीस कार्डं लिहून झाली तेव्हा केव्हातरी माझ्या डोक्यात उजेड पडला, की हा माणूस दर महिन्याला आठवण येते म्हणूनच लिहितोय. त्याला दुसऱ्या शब्दात ते येत नाही. उत्तर एकाही कार्डाला आलं नाही. तरी टपाल यायच्या वेळेला चाचा न चुकता वर असायचे. माळवदावरून नेवाशाची वाट लांबपर्यंत दिसायची.

तिसऱ्या वर्षी हस्ताच्या पावसानं गाव झोडपलं. मुलाच्या खोलीत भिंतीच्या कडेनं ओल दिसली आणि चाचा फळी घेऊन वर गेले. चाचींनी विनवलं, मी रागावले, आई तर सोवळ्यात बाहेर येऊन ओरडली. ते दोन तास वर पालथे होते. ओल थांबली आणि चाचांना ताप भरला. तेरा दिवस ते उठले नाहीत. बाराव्या दिवशी मला बोलावून घेतलं. आवाज नव्हता, तरी म्हणाले, "लिवा. तुजी खोली गळत न्हाई."

तापाचं लिहू का विचारलं तर हातानं नको म्हणाले. दाराशी चाची तोंडात पदर कोंबून उभ्या होत्या. मी माझ्या खोलीत आले आणि खाली कोऱ्या जागेत माझ्या मनानं एक ओळ घातली: "घरावर पत्रे घालायचे ठरले आहे." खोटं लिहू नये असा सुविचार मी त्याच आठवड्यात फळ्यावर लिहिला होता. मी कार्ड टाकलं आणि घरी येऊन जेवले, इतकं मला ते बरोबर वाटलं होतं.

चाचा बरे झाले. आणि पाच वर्षांत पहिल्यांदा मनमाडहून कार्ड आलं. चाचा ते दोन्ही हातांत धरून माझ्याकडे आले, "वाचा," म्हणाले. अक्षर मोठं, गोल, शाळेत मन लावून गिरवलेलं. 'पत्रे घालताय हे वाचलं. बरं वाटलं. वैशाखात रजा मिळेल. येतो.'

"येतो" ऐकून त्यांचा चेहरा जो फुलला तो मी जन्मात विसरणार नाही. मग हळूच म्हणाले, "पत्रे कुटले?"

मी सांगितलं. सांगताना माझी मान खाली होती. त्यांनी माझ्या हातातून कार्ड घेतलं आणि निघून गेले. दिवसभर आमच्या खोलीकडे फिरकले नाहीत. आता हे आपल्याला घर सोडायला सांगणार म्हणून आईनं भांडी एका पोत्यात भरायला घेतली.

सकाळी वर धपधप आवाज यायला लागला. मी अंगणात जाऊन पाहिलं तर चाचा मुलाच्या खोलीवरची माती खोऱ्यानं ओढून पाटीत भरत होते. कैक वर्षांची माती, थरावर थर. मला बघून थांबले. "बाई, तुमी मास्तरीन. तुमच्या हातनं खोटं लिवलं गेलं तर पोरींना काय शिकवाल? ते खरं केलं पायजे."

मी मान हलवली. ते निमित्त होतं हे मला कळत होतं आणि मला कळतंय हे त्यांना कळत होतं. निमित्त मिळाल्याचा आनंद त्यांना लपवता येत नव्हता आणि माती काढताना डोळ्यांत येणारं पाणीही. हे काम त्यांनी गड्याला करू दिलं नाही. आठ दिवस एकेक पाटी खाली उतरवली. मग शेळ्यांच्या गोठ्यावरचे सहाही पत्रे निघाले आणि खोलीवर चढले. गावानं चेष्टा करून घेतली. "चाचा, शेळ्या कुटं बांधनार? माळवदाखाली?" चाचांनी खरोखरच गोठ्यावर माती घातली.

वैशाखात मुलगा आला. उंच, बापासारखाच काटकुळा. अंगणात उभा राहून त्यानं आधी वर पाहिलं, मग उंबरा ओलांडला. चाचींनी त्याला जवळ घेतलं. चाचा म्हणाले, "पत्रे कसे बसलेत बघ." झालं. पाच वर्षांनंतर एवढंच.

दुपारी तो आपल्या खोलीत पत्र्याखाली आडवा झाला. नगरकडचा वैशाख. घटकाभरानं बाहेर आला तो घामानं निथळत, आणि गुपचूप बापाच्या खोलीत, मातीखालच्या गारव्याला येऊन पडला. चाचा तिथेच पहुडले होते. जरा सरकले. मी समोर वह्या तपासत होते, मला सगळं दिसत होतं. मुलगा तुळयांकडे बघत म्हणाला, "अब्बा, पत्र्यावर थोडी माती टाकू."

"पत्र्यावर नुसती माती ऱ्हात न्हाई. खाली कडबा पायजे."

"मंग कडबा घालू."

तिसऱ्या दिवशी दोघं वर होते. चाचांनी माती चाखली, "हां" म्हणाले आणि चिमूटभर मुलाच्या हातावर ठेवली. त्यानंही जिभेवर ठेवली. त्या घराला मग पत्रेही राहिले आणि वर मातीही. गाव म्हणायचं, चाचानं टोपीवर पटका बांधला. संध्याकाळी चाचींनी मला हळूच विचारलं, "बोलले का वो दोघं?" मी म्हटलं, "बोलले. दिवसभर मातीचंच बोलले." चाचींनी सुटकेचा श्वास सोडला. त्यांना पुरलं तेवढं. त्यानंतर मुलगा दर वैशाखात यायला लागला.

पुढच्या वर्षी माझी बदली झाली, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, अकोले तालुक्याच्या डोंगरात. निघताना चाचा वर होते. उतरले नाहीत. पन्हळीपाशी बसून काहीतरी खरवडत राहिले. मी खालून "येते" म्हटलं तर म्हणाले, "हां." मला फार लागलं ते. गाडीत मी आईशी भांडत बसले.

अकोल्याकडे चार महिने पाऊस. कौलांची घरं, माकडं कौलं फोडायची. पहिल्याच जूनमध्ये एक कार्ड आलं. अक्षर माझ्या जागी आलेल्या नव्या बाईंचं. "पन्हळ साफ केली. तुमच्या खोलीवर दोन पाट्या माती टाकली. तुमची खोली गळत नाही."

मी ते उभ्यानं वाचलं आणि खाली बसले. असली कार्डं मी माझ्या हातानं लिहिली होती. त्यांचा अर्थ मला कुणी सांगायला नको होता. खाली कोऱ्या जागेत नव्या बाईंनी त्यांच्या मनानं एक ओळ घातली होती: "ते ही खोली कुणाला देत नाहीत. मला सुद्धा दिली नाही."

दर जूनला कार्ड यायचं. फाळणीच्या साली जून गेला, आषाढ संपत आला, कार्ड नाही. मला नको नको ते विचार सुचायला लागले. मग आलं: "पाऊस उशिरा, म्हणून माती उशिरा. तुमची खोली गळत नाही." दर सुट्टीत मी जाईन म्हणायची. कधी आईचं दुखणं, कधी शाळेची तपासणी. गेले नाही. जाणं जमलं असतं, मीच उद्यावर टाकत राहिले, हे आता सांगायला हवं. मला वाटायचं, चाचा काय, असणारच आहेत वर.

शेवटचं कार्ड आलं त्यावरचं अक्षर मोठं, गोल होतं. मी ते याआधी एकदाच पाहिलं होतं. 'अब्बा चैत्रात गेले. मी बदली मागून नगरला आलोय, आता इथनं घरी जाऊन येऊन असतो. तुमच्या खोलीवर माती मी टाकली. चाखून घेतली. तुमची खोली गळत नाही.'

आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मेल्यानं मला एकदाही वर चढू दिलं नाही," आणि डोळ्यांना पदर लावला.

मी उत्तर लिहायला बसले. चाचांची आठवण येते असं लिहिलं आणि खोडलं. मग दुसरं कार्ड घेतलं. 'इथे कौलं आहेत. दोन ठिकाणी गळतं. दिवाळीच्या सुट्टीत येते. माझी खोली कुणाला देऊ नका.'